हे कशावर चालतं?

घरी आलेलं माणूस गॅलरीतल्या कुंड्यांपाशी थांबलं की एक प्रश्न ठरलेला असतो. "हे कशावर चालतं?" पुष्कळदा झाडाचं नाव विचारायच्या आधीच हा प्रश्न येतो. मग मीही सांगते. अडुळसा खोकल्यावर, कोरफड भाजल्यावर, पारिजातकाची पानं सांधेदुखीवर, जाईचा पाला तोंड आल्यावर, सदाफुली मधुमेहावर, जास्वंद केसांवर. पाहुणा मान डोलावतो, एखादं पान खुडतो, चुरगाळून वास घेतो आणि आत येऊन बसतो. मोबाइलवर फिरणाऱ्या याद्याही अशाच असतात. डावीकडे वनस्पती, उजवीकडे दुखणं, मधे काही नाही.

मला त्या मधल्या रिकाम्या जागेचं कुतूहल आहे. पान घ्यायचं की मूळ, ओलं की वाळलेलं, उकळायचं की नुसतं कुटायचं, किती, किती दिवस, आणि कोणी अजिबात घ्यायचं नाही? त्याहून मोठा प्रश्न म्हणजे हे कळलं कसं? अमुक फूल तमुक दुखण्यावर चालतं असं ज्याने किंवा जिने पहिल्यांदा सांगितलं, त्या माणसाजवळ डोळे होते, आठवण होती आणि समोर आजारी माणसं होती. एवढ्या भांडवलावर काय दिसू शकतं आणि काय दिसणं शक्यच नाही, याचा विचार करता करता माझं एक मत बनत गेलं. झाडपाल्याच्या परंपरेची नजर जवळचं बघायला फार पक्की आहे. मूळ उगाळून घेतलं आणि तासाभरात उलटी झाली, फुलांचा काढा प्यायलं आणि झोप लागली, दाताची ठणक थांबली, सकाळी पोट साफ झालं, हे तिला बरोबर दिसतं आणि ती ते विसरत नाही. दहा वर्षांनी मूत्रपिंडाचं काय झालं ते तिला दिसत नाही. आणि जे आपोआपच बरं होणार होतं ते नेमकं कशाने बरं झालं, हे तिला ओळखता येत नाही.

लवंगेचंच बघा. लवंग म्हणजे न उमललेली, वाळवलेली कळी. तिच्या तेलातलं युजेनॉल दाताच्या मज्जातंतूला बधिर करतं, आणि तेही काही मिनिटांत. इतक्या लवकर येणाऱ्या गुणाबद्दल पिढ्यान्‌पिढ्या फसगत होणं अवघड आहे. दंतवैद्यांनीही हे युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून तात्पुरतं सिमेंट म्हणून वापरलं, अजूनही वापरतात. (निव्वळ तेल बोळ्यावर भरपूर ओतून हिरडीला लावलं तर हिरडी भाजते. हे मात्र यादीत नसतं.) सोनामुखीची गोष्टही तशीच. रात्री घ्यावी, सकाळी परिणाम. तिच्यातली द्रव्यं जठरात काहीच करत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचं रूपांतर करतात तेव्हा ती काम करू लागतात, म्हणून मधे सहा ते बारा तास जातात. जिवाणूंचं अस्तित्वसुद्धा ठाऊक नसलेल्या माणसांनी "रात्री झोपताना" ही वेळ मात्र बिनचूक गाठली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत सोनामुखी आहे.

कोरफडीशी जपून वागायचं मी शिकले. एकाच पानात दोन वेगळी औषधं असतात. आतला पारदर्शक गर थंड, त्वचेवर लावण्याजोगा. पण पान कापल्याबरोबर सालीलगत पिवळा, कडू चीक पाझरतो. तो जबरदस्त रेचक आहे, पोटात मुरडा आणणारा. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००२ मध्ये दुकानात सहज मिळणाऱ्या रेचकांमधून तो काढायला लावला, कारण तो सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा कोणी दिला नव्हता. पान कापून थोडा वेळ उभं ठेवायचं, चीक निथळू द्यायचा, मग गर काढायचा, ही जुनी रीत या दोन औषधांना वेगळं करण्याचीच रीत आहे. "कोरफड प्या, फायदे अनेक" म्हणणाऱ्या चार ओळींत ती गळून जाते.

अडुळसा मात्र माझा आवडता. दिसायला फारसा नाही. फुलं पांढरी, पानं लांबट, आणि चव अशी कडू की गुरंही सहसा तोंड लावत नाहीत. पानांमध्ये व्हॅसिसिन नावाचं अल्कलॉइड असतं. त्याच्या रचनेवरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन तयार केलं, आणि ब्रोमहेक्सिनचं शरीरात जे रूपांतर होतं ते अँब्रोक्सॉल. कफ पातळ करणारी ही दोन नावं खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर बारीक अक्षरांत छापलेली असतात. म्हणजे "मी झाडपाला घेत नाही, डॉक्टरांचं सिरप घेतो" म्हणणारा माणूसही दूरच्या नात्याने अडुळशाचाच. याच व्हॅसिसिनमुळे गर्भाशयाचं आकुंचन होतं, म्हणून गरोदर बाईने अडुळसा घेऊ नये. जुन्या सुइणींना हा गुण ठाऊक होता. बाळंतपणात अडुळसा वापरल्याचे उल्लेख आहेत. लगेच दिसणारा परिणाम, म्हणून लक्षात राहिलेला.

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटते ती डिजिटॅलिसची, म्हणजे फॉक्सग्लोव्ह या जांभळ्या फुलांच्या रानटी झाडाची कथा. १७७५ मध्ये इंग्लंडमधल्या विल्यम विदरिंग या डॉक्टरला एका घरगुती औषधाबद्दल मत विचारण्यात आलं. श्रॉपशायरमधली एक म्हातारी ते औषध देत असे, अंगावर पाणी चढून सुजलेल्या माणसांना. मोठमोठ्या वैद्यांनी हात टेकलेले रोगी तिच्याकडे कधीकधी बरे होत. ते औषध वीसेक वनस्पतींचं मिश्रण होतं. विदरिंग स्वतः वनस्पतींचा जाणकार. या मिश्रणात काम करणारी वनस्पती फॉक्सग्लोव्हच असणार, हे ओळखायला त्याला वेळ लागला नाही. वेळ लागला तो पुढच्या कामाला. दहा वर्षं तो मात्रा शोधत राहिला. दोन वर्षं जगणाऱ्या या झाडाच्या मुळाचा भरवसा नाही म्हणून त्याने पानं धरली, आणि पानांचा जोर ऋतूप्रमाणे बदलतो म्हणून तीही झाड फुलावर येण्याच्या सुमारास तोडलेली. वाळवून पूड केली की मोजता येतं, म्हणून काढ्याऐवजी पूड. १७८५ मध्ये त्याने पुस्तक काढलं आणि त्यात दीडशेहून अधिक रोग्यांच्या हकिगती दिल्या. बरे झालेले, न झालेले, मेलेले, सगळे. केवळ यशाच्या गोष्टी निवडून काढणं सोपं होतं, पण मग खरं काय ते कळलं नसतं, अशी त्याची भूमिका होती. झाडपाल्यावर लिहिणाऱ्या आजच्या किती लोकांनी आपल्या फसलेल्या रोग्यांची नोंद ठेवली आहे, असा खवचट प्रश्न मला इथे नेहमी पडतो.

त्या म्हातारीच्या औषधाने रोग्याला भयंकर उलट्या आणि जुलाब होत. उलट्या-जुलाबांनी पाणी बाहेर पडलं म्हणजे औषध लागू पडलं, असं मानलं जाई. विदरिंगच्या लक्षात आलं की ती तर विषबाधेची खूण आहे. गुण यायला त्याहून कितीतरी कमी मात्रा पुरते, आणि गुण येण्याची मात्रा अन् जीव जाण्याची मात्रा यांच्यात अंतर फार थोडं आहे. आज फॉक्सग्लोव्हच्या कुळातूनच आलेल्या डिजॉक्सिन या हृदयावरच्या गोळीत औषध मिलिग्रॅमच्या अंशांत मोजलेलं असतं आणि गरज पडली तर रक्तातलं प्रमाणही तपासतात. झाडाच्या दोन पानांत ते सारखं असेल याची मात्र कुणीच हमी देऊ शकत नाही. म्हातारीची नजर पक्की होती. सूज उतरताना तिने पाहिली होती. ती का उतरते, हे तिचं चुकलं होतं. आणि तिचं नावही कुठे उरलं नाही. पुढे विसाव्या शतकात एका औषध कंपनीच्या जाहिरातीने तिला एक नाव चिकटवलं. ते काल्पनिक होतं, तरी पुढच्या लेखांतून खरं म्हणून फिरत राहिलं.

कारण चूक आणि परिणाम बरोबर, असं आणखी एक उदाहरण विलोच्या सालीचं. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्रज धर्मगुरूने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. विलो दलदलीत वाढतो, हिवतापही दलदलीच्या भागात होतो, तेव्हा रोगाजवळच त्याचा उतारा असणार, असा त्याचा तर्क. शिवाय साल चाखली तर हिवतापावर दिल्या जाणाऱ्या सिंकोनाच्या सालीसारखी कडू. साल वाळवून, कुटून त्याने पन्नासेक तापकऱ्यांना दिली आणि बहुतेकांचा ताप उतरला. त्या सालीतल्या सॅलिसिनची चुलत भावंडं म्हणजे पुढची ॲस्पिरिन. पण सिंकोनातलं क्विनाइन हिवतापाचे परजीवी मारतं, विलोची साल फक्त ताप उतरवते. रोग्याच्या कपाळावर हात ठेवणाऱ्याला दोन्ही सारखीच. कपाळ थंड झालं की झालं. रक्तात काय चाललंय ते हाताला कळायचं कसं?

आणि मग येतात ती दुखणी, ज्यांत औषधाला काही करायची गरजच नसते. सर्दी आठ-दहा दिवसांत जाते. माणूस काढा सुरू करतो चौथ्या दिवशी, अगदी हैराण झाल्यावर, म्हणजे उतार सुरू व्हायच्याच सुमारास. श्रेय काढ्याला. हिपॅटायटिस ए मुळे होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत स्वतःहून ओसरते, म्हणून कावीळ "उतरवणाऱ्या" झाडपाल्याची ख्याती जगभर अभेद्य आहे. ज्या थोड्यांची ओसरत नाही, त्यांचं यकृत निकामी व्हायला लागेपर्यंत मोलाचे दिवस निघून गेलेले असतात, आणि ते लोक वैद्याची ख्याती सांगायला परत येत नाहीत. जास्वंदीच्या फुलांबद्दल मी वाद घालायचं सोडून दिलंय. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. एवढ्या संथ गोष्टीत तेलाने फरक पडला की नाही हे आरशात बघून सांगणारी माणसं धन्य आहेत. तेलाचा हात डोक्यावरून फिरला की बरं वाटतं, तेवढं मला पुरतं.

तरी हे निरुपद्रवी प्रकार झाले. माझी खरी भीती ॲरिस्टोलोकियाच्या वेलींनी घातली. या वेलींचं फूल वाकड्या नळीचं, बुडाशी फुगीर. जुन्या लोकांना त्यात गर्भाशयाचा आणि जन्ममार्गाचा आकार दिसला, म्हणून बाळंतपणात या वनस्पती दिल्या जात. वनस्पतीचं रूप तिचा उपयोग सांगतं, हा समज युरोपात फार खोल रुजला होता. ग्रीकांपासून चिनी वैद्यकापर्यंत दोन हजार वर्षं निरनिराळ्या जातींचा वापर झाला. एवढ्या काळात कुणालाच काही वावगं का दिसलं नाही? कारण दिसण्यासारखं काही त्याच दिवशी घडतच नव्हतं.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये मूत्रपिंडं निकामी झालेल्या तरुण बायका डॉक्टरांकडे येऊ लागल्या. चौकशीत धागा सापडला. सगळ्या ब्रुसेल्समधल्या एका वजन घटवण्याच्या उपचार केंद्रात जात होत्या आणि तिथल्या गोळ्यांमध्ये चिनी वनौषधी होती. एका निरुपद्रवी मुळाच्या जागी ॲरिस्टोलोकियाचं मूळ आलं होतं. शंभराहून अधिक जणींना बाधा झाली, कित्येकींना डायलिसिस किंवा मूत्रपिंड बदलण्याची पाळी आली, आणि पुढे त्यांतल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या काही खेड्यांमध्ये अनेक दशकं एक गूढ मूत्रपिंडविकार पिढ्यान्‌पिढ्या होत होता. गव्हाच्या शेतात तण म्हणून वाढणाऱ्या ॲरिस्टोलोकियाचं बी पिठात जात होतं, हे त्याचंही कारण ठरलं. या वनस्पतीतलं आम्ल पेशीतल्या डीएनएला चिकटतं आणि तिथे एक ठरावीक प्रकारचा बदल करतं. त्या खुणेवरून आज कर्करोगाच्या गाठीत हात कोणाचा होता ते ओळखता येतं. "हजारो वर्षं वापरतात, अपाय असता तर कळला नसता का?" या वाक्याला माझ्याकडे हे एकच उत्तर आहे. नसता कळला. बाळंतीण सुखरूप सुटली हे सुइणीने पाहिलं. वीस वर्षांनी ती बाई कशाने गेली, याचा संबंध त्या मुळीशी कोण जोडणार होतं, आणि कसा?

म्हणून एखाद्या औषधाबद्दल "रक्त शुद्ध करतं", "यकृताला बळ देतं", "रोज घेतलं तर काही होत नाही" असं ऐकलं की मी सावध होते. हे सगळे लांबच्या नजरेचे दावे आहेत आणि परंपरेपाशी तशी दुर्बीण नव्हती. कोविडच्या काळात लोकांनी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचे काढे महिनोन्‌महिने घेतले. २०२१ मध्ये भारतातल्या यकृततज्ज्ञांनी अशा काही रुग्णांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही. गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असण्याची शक्यता मांडली. दोन्ही बाजू वाचून माझ्या मनात आलं की गल्लत झाली असेल, तर ती काढा करणाऱ्याला घरी बसून ओळखता येणार होती का? आणि महिनोन्‌महिने रोज गुळवेल, हा तरी परंपरेतला वापर कुठे होता?

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे सगळं नुसतं घाबरवणं होईल. परंपरा चुकीच्या पत्त्यावर नेऊनसुद्धा मोठं काहीतरी हाती देते. सदाफुली मूळची मादागास्करची, पण उष्ण प्रदेशांत सगळीकडे पसरली आणि अनेक देशांत तिच्या पानांचा काढा मधुमेहावर दिला गेला. १९५०च्या दशकात जमैकाहून काही पानं कॅनडात पोचली आणि रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनी ती उंदरांवर तपासली. काढा पाजला तर साखरेवर परिणाम दिसेना. टोचून दिला तर उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटत होत्या. मधुमेहाच्या शोधात हे अपयशच. पण ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, तिथे हेच हवं होतं. १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन जगापुढे आलं, पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारांत त्याला कायमची जागा मिळाली. शेकडो किलो वाळल्या पानांमधून ते ग्रॅमच्या हिशोबात निघतं. आणि रोज सकाळी साखरेसाठी सदाफुलीची पानं चावणारी माणसं मला माहीत आहेत. त्यांना मी ही गोष्ट सांगते तेव्हा ती म्हणतात, "बघा, म्हणजे औषधी आहेच की!" यावर काय बोलावं ते मला अजून सुचलेलं नाही.

आर्टेमिसिया या हिवतापावरच्या चिनी वनस्पतीचं वेगळं. तिथे पत्ता बरोबर होता, आणि कृतीही. चौथ्या शतकात गे होंग या चिनी वैद्याने तापावर लिहून ठेवलं होतं की मूठभर वनस्पती पाण्यात भिजवावी, पिळून रस काढावा आणि प्यावा. उकळायला सांगितलं नव्हतं. विसाव्या शतकातल्या चिनी संशोधक थू यूयू यांच्या चमूचे अर्क हिवतापावर कधी चालत, कधी नाही. ती जुनी ओळ पुन्हा वाचताना त्यांच्या मनात आलं की उष्णतेने द्रव्य नासत असावं. १९७१ मध्ये त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं आणि अर्क लागू पडला. माणसांवर चाचणी करायच्या आधी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो स्वतः घेतला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सोळाशे वर्षं कुणीतरी ती रीत जपली, नुसतं नाव नाही, म्हणून हे झालं. आज मात्र पुन्हा आर्टेमिसियाचा चहा हिवतापावर पिण्याची टूम निघते आणि जागतिक आरोग्य संघटना तो नको म्हणते. चहात द्रव्य कमी-जास्त उतरतं, परजीवी अर्धवट मरतात आणि उरलेले औषधाला दाद देईनासे होतात.

परवा माझ्या मावसबहिणीचा फोन आला. तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. घशासाठी कुणीतरी काढ्याचं पाकीट दिलं होतं, ते घेऊ का, असं विचारत होती. मी म्हटलं, "ताई, पाकिटावरची नावं वाच." तिने वाचली. तुळस, सुंठ, मिरी, ज्येष्ठमध. ज्येष्ठमध घशाला खरंच बरं वाटतं, तेही लगेच. पण त्यातल्या ग्लिसिऱ्हायझिनमुळे शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम टाकून देतं आणि रक्तदाब चढतो. एखाद्या दिवशी नाही, रोज घेत राहिलं तर. मी तिला म्हटलं की पाकीट घेऊनच डॉक्टरांकडे जा. "अगं, काढा तर आहे, त्यात काय दाखवायचं," असं पुटपुटत का होईना ती गेली. डॉक्टरांनी नावं वाचली, ज्येष्ठमधावर बोट ठेवलं आणि विचारलं, "किती दिवस घेताय?"

तेव्हा कळलं की मला विचारायच्या आधीच तिचं तिसरं पाकीट चालू होतं.